राजांगण पाडून जॉर्जियन?

चुलतभावाने नव्या घराचे नकाशे टेबलावर पसरले तेव्हा मी काही बोललो नाही. फोंडा तालुक्यातले आमचे जुने चिरेबंदी घर पाडायचे आणि तिथे ‘जॉर्जियन’ बंगला बांधायचा. समोर चार पांढरे खांब, वर त्रिकोण, मधोमध दार. वास्तुविशारद (नाव नको) म्हणाला म्हणे, इंग्रजांची ही शैली साधी आणि शिस्तीची, आपली जुनी घरे म्हणजे नुसता पसारा. हा ‘पसारा’ मला झोंबला.

मंडळी, जॉर्जियन घरांशी माझे वैर नाही. २०२३ मध्ये मुलीकडे लंडनला गेलो होतो तेव्हा ट्विकनहॅमला थेम्सकाठचे मार्बल हिल पाहून आलो. १७२४ ते १७२९ या काळात हेन्रिएटा हॉवर्डसाठी बांधलेले हे घर. ही बाई युवराजाची, म्हणजे पुढच्या दुसऱ्या जॉर्जची, प्रेमपात्र. नवरा दारुडा आणि मारकुटा. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे बायकोची मालमत्ता नवऱ्याची, म्हणून १७२३ मध्ये युवराजाने तिला पैसा दिला तो नवऱ्याला हात लावता येणार नाही अशी तजवीज करून. स्वतःचे छप्पर हवे म्हणून तिने हे घर बांधले, त्याबद्दल मला आदरच आहे.

घर तसे लहान. दर्शनी बाजूला ओळीला पाचच खिडक्या. पहिल्या मजल्यावरच्या उंच, सर्वांत वरच्या चौकोनी आणि छोट्या. मुख्य दालन २४ फूट लांब, तितकेच रुंद आणि तितकेच उंच. सगळी गंमत या प्रमाणांत आहे. आमच्या नकाशात मात्र खिडक्या सगळ्या एका मापाच्या (कारखान्यात तशाच मिळतात) आणि खोल्यांना दहा फुटांवर छत. मग जॉर्जियन उरले कशात, तर चार खांबांत!

आता ‘साधेपणा’. मार्बल हिलचा जिना मॅहोगनीचा आहे, इतका सुरेख की हात फिरवावासा वाटतो. हे लाकूड अटलांटिकपलीकडून येई, आणि तिथल्या जंगलांत ते तोडायला गुलाम जुंपलेले असत. हेन्रिएटाला मिळालेल्या पैशांत साउथ सी कंपनीचे शेअर्स होते. स्पेनच्या वसाहतींना वर्षाला ४८०० गुलाम पुरवण्याचा मक्ता १७१३ पासून याच कंपनीकडे होता. बाहेरून पांढरे आणि शांत दिसणारे घर कशावर उभे आहे ते एवढ्यावरून कळते. आमच्याही जुन्या घरांत कुळांचा घाम जिरलेला आहे, ते मी नाकारत नाही. पण मग एकाला साधे आणि दुसऱ्याला पसारा का म्हणायचे?

खरी मौज पुढेच आहे. नदीकडच्या दाराने मार्बल हिलमध्ये शिरलात की चार खांबांचा दिवाणखाना लागतो. ही कल्पना इंग्रजांची नव्हे. त्यांनी ती पाल्लादिओ या इटालियन वास्तुकाराकडून घेतली, ज्याचा ग्रंथ १५७० मध्ये छापला गेला. पाल्लादिओने ती घेतली प्राचीन रोमन घराच्या चौकावरून. त्या चौकाला चार कोपऱ्यांत चार खांब, मध्ये आभाळ उघडे आणि पावसाचे पाणी खालच्या कुंडात. ओळखीचे वाटते ना? आमचे राजांगण दुसरे काय आहे? रोमनांकडून आपण उचलले असे मी म्हणत नाही. उकाडा आणि पाऊस दोन्ही असलेल्या माणसाला हे आपोआप सुचते. पाल्लादिओच्या हाती त्या चौकाचे छत असलेले दालन झाले, इंग्रजांनी ते थंडीच्या मुलखात नेले, पुस्तकांतून नकाशे छापून गावोगाव विकले. मार्बल हिलचाही आराखडा कॉलिन कॅम्पबेलच्या १७२५ च्या ग्रंथात छापलेला आहे. आणि आता त्या नकलेची नक्कल करायला आम्ही अस्सल चौक पाडणार. तुळशी वृंदावन गच्चीवर, कुंडीत!

पावसाचे तर बोलायलाच नको. लंडनला वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर, आपल्याकडे त्याच्या पाचपट. तिथल्या भिंतींना ऊन हवे असते म्हणून मोठ्या काचा आणि छपराची पागोळी आखूड. इथे नळ्यांचे छप्पर सोप्याच्या बाहेर दोन हात येते ते काही हौसेने नव्हे. जून उजाडू दे, मग त्या पांढऱ्या भिंतींवर शेवाळ कसे चढते ते बघा.

भाऊ म्हणतो, जुन्या घरात न्हाणीघर लांब, वाळवीचा त्रास, मुले राहायला तयार नाहीत. हे मात्र खरे आहे आणि त्याला माझ्याकडे तयार उत्तर नाही. न्हाणीघर आत आणता येते, वासे बदलता येतात, खर्च होतो. अर्धा मी देईन म्हटले आहे.

नकाशे अजून पंचायतीत गेलेले नाहीत. रविवारी पुन्हा जाणार आहे, या वेळी मार्बल हिलचा आराखडा बरोबर घेऊन.