नको म्हणणाऱ्याची दिवाळी

दिवाळीच्या अंकात, करंज्या-चकल्यांच्या कृतींच्या शेजारी, दारूविषयी लिहावे हे पुष्कळांना अभद्र वाटेल. "अहो, सणासुदीला हा कसला विषय काढलात?" असे आमच्या सौभाग्यवतींनीही विचारले. पण वाचकहो, ज्या घरात चकल्या तळता तळता गृहिणीचा एक कान जिन्यावरच्या पावलांकडे लागलेला असतो, त्या घराला हा विषय नवा नाही. आणि ज्या घरातल्या माणसाने नुकतीच दारू सोडली आहे, त्या घराला तर दिवाळीचे पाच दिवस म्हणजे परीक्षेचे पाच पेपरच.

आपण मराठी माणसे आग्रहाला फार भुलतो. पंगतीत पान झाकून बसलेल्याला दोन जिलब्या वाढल्याशिवाय यजमानाला चैन पडत नाही. हाच आग्रह आता पेल्यापाशी येऊन ठेपला आहे. राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यातला तळीराम हे आज विशेषनाम राहिलेलेच नाही, ते सामान्यनाम झाले आहे. मात्र आजचा तळीराम दुष्ट नसतो. तो कचेरीतला दिलदार साहेब असतो, परदेशातून बाटली घेऊन आलेला भाचा असतो, गच्चीवर पत्त्यांचा डाव मांडणारा सख्खा शेजारी असतो. त्याला नाही म्हणणे म्हणूनच अवघड.

माझा एक आतेभाऊ गेल्या श्रावणात पुण्याच्या मुक्तांगणातून उपचार घेऊन घरी आला. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले हे केंद्र बहुतेकांना ठाऊक असेलच. त्याच्या आदल्या दिवाळीत ऐन लक्ष्मीपूजनाच्या वेळी त्याला दोघा शेजाऱ्यांनी खांद्याला धरून वर आणले होते. म्हणून यंदा वसुबारसेपासूनच त्याची धाकटी मुलगी आईला हळूच विचारीत होती, "बाबा पूजेला बसणार ना गं?"

वहिनींनी उपदेश एका शब्दाने केला नाही. व्यवस्था मात्र चोख ठेवली. दारू सोडलेल्यांच्या मंडळींत चार शत्रू मानतात: भूक, राग, एकटेपणा आणि थकवा. आपल्या दिवाळीकडे जरा या नजरेने पाहा. नरकचतुर्दशीला पहाटे चारला उठायचे, जेवायला दुपारचे तीन वाजवायचे, खर्चावरून दोन शब्द व्हायचे आणि रात्री सगळे पाहुण्यांत रमले की एकट्याने खिडकीशी उभे राहायचे. चारही शत्रूंना आपणच आमंत्रण धाडतो! वहिनींनी घरचे जेवण वेळेवर ठेवले, दुपारी त्याला तासभर झोपू दिले, हिशेबाची वही भाऊबीज उरकेपर्यंत कपाटात टाकली. कपाटातली द्राक्षासवाची बाटलीही काढून टाकली. आसव-अरिष्टांत आंबण्यामुळे मद्यार्क तयार होतो, हे त्यांनी विचारून घेतले होते.

आतेभावाने स्वतःही एक वाक्य पाठ केले होते: "मी घेत नाही." एवढेच. "सध्या औषध चालू आहे" असे सांगितले, तर "मग पुढच्या आठवड्यात बसू" हे उत्तर तयार असते. सबबीला उत्तर देता येते. नकाराला देता येत नाही. गच्चीवरच्या डावाला तो गेलाच नाही. लक्ष्मीपूजनाला सोवळे नेसून मुलीला शेजारी घेऊन बसला. आरतीच्या वेळी तबक धरलेला त्याचा हात थोडा कापत होता. मुलीने खालून आपला हात लावला. पूजा आटोपल्यावर मात्र खालून हसण्याचा आणि पेल्यांचा आवाज येऊ लागला, तसा तो मुकाट्याने चपला घालून मला म्हणाला, "दादा, जरा चालून येऊ." आम्ही अर्धा तास चाललो. तो फारसे बोलला नाही, मीही विचारले नाही. ही तलफ लाटेसारखी असते. चढते तेव्हा आता बुडवणार असे वाटते, पण बहुधा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ कोणीतरी सोबत हवे.

ही सोबतीची युक्ती तशी जुनी आहे. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक गृहस्थ अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी हॉटेलात उभा होता. धंद्याचे काम फिसकटलेले, दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले. एका बाजूला मद्यगृह, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्याने टेलिफोन उचलला आणि आपल्यासारखाच कोणी पिणारा शोधला. त्यातून डॉ. बॉब स्मिथ भेटले आणि 'अल्कोहॉलिक्स अ‍ॅनॉनिमस' उभी राहिली. तिच्या सभा मुंबई-पुण्यात मराठीतूनही भरतात. जवळच्या सभेचा पत्ता धनत्रयोदशीच्या आधीच काढून ठेवावा.

दोन गोष्टी मात्र घरच्यांना बजावून सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्याला सणाच्या मुहूर्तावर शपथ घालून घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नका. हात थरथरणे, झटके येणे, दोन-चार दिवसांत भ्रम होणे असे प्रकार घडतात, आणि ते जिवावर बेततात. आधी डॉक्टरांना विचारा. दुसरे म्हणजे दारू सोडवण्याची पूड आमटीत चोरून कालवू नका. डायसल्फिरामसारखे औषध पोटात असताना माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळून प्राणाशी गाठ पडू शकते. असे औषध रुग्णाला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते.

आणि दारूचा संबंध नसतानाही, साऱ्या चाळीत दिवे लागलेले असताना कोणाच्या मनात अंधार दाटत असेल, झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर त्याला "सणासुदीला तोंड पाडू नकोस" असे म्हणू नये. २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येते. कंदिलाच्या सामानाच्या यादीखाली हा आकडाही लिहून ठेवा.

उरली एक विनंती, ती यजमानांना. तुमच्याकडे येणारा एखादा पाहुणा "मी घेत नाही" म्हणाला, तर "का हो?" असे विचारू नका. चारचौघांत चेष्टा करू नका. त्या तीन शब्दांमागे किती रात्री गेल्या आहेत, हे तुम्हाला ठाऊक नसते. कोकम सरबताचा पेला त्याच्या हाती द्या, चिवड्याची बशी पुढे सरकवा आणि क्रिकेटवर बोलायला लागा. आग्रह करायचाच असेल, तर तो चिवड्याचा करा!