प्रार्थना करा, गोळीही घ्या



रविवारी उपासना संपली की आपण दारात थांबून एकमेकांची विचारपूस करतो. कोणाची शुगर वाढलेली असते, कोणाचे गुडघे दुखत असतात. आपण म्हणतो, "प्रार्थनेत आठवण ठेवू." जरूर ठेवा. त्याबरोबर एवढेही विचारा, "गोळ्या वेळेवर घेता ना?"

पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिताना शरीराला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हटले. तिथे विषय चारित्र्याचा होता. पण जे शरीर देवाचे आहे, ते हेळसांड करण्यासाठी आपल्याला दिलेले नाही. चर्चचे छप्पर गळू लागले तर आपण लगेच वर्गणी काढतो. छातीत दुखू लागले तर मात्र "बघू पुढच्या महिन्यात" म्हणतो. असे करू नका.

आधी औषधाविषयी सांगतो. प्रार्थना झाली म्हणून चालू गोळी बंद करू नका. कोणी म्हणेल, गोळी घेणे म्हणजे विश्वास कमी असणे. ते मनावर घेऊ नका. हिज्कीया राजा आजारी पडला तेव्हा त्याने रडून प्रार्थना केली. देवाने ती ऐकली. तरीही यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला. प्रार्थनाही झाली आणि औषधही झाले. पौलाच्या सोबत्यांमध्ये लूक हा वैद्यच होता.

रक्तदाब वाढला तरी पुष्कळांना काहीच जाणवत नाही. म्हणून "आता बरे वाटते" हे गोळी सोडायचे कारण होऊ शकत नाही. गोळी सुटली की हृदयावर, मूत्रपिंडांवर, मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर ताण येत राहतो. मग एखाद्या सकाळी तोंड वाकडे होते, हात उचलत नाही, बोलणे अडखळते. असे झाले तर तेल चोळत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा आणि मोठ्या दवाखान्यात न्या. प्रार्थना गाडीत बसूनही करता येते.

टीबीचेही तसेच आहे. नेहमीचा उपचार साधारण ६ महिन्यांचा असतो. खोकला आधीच थांबतो, भूक लागते, अंगावर मांस येते. तिथेच औषध सोडले तर आजार उलटतो आणि मग साध्या औषधाला दाद देत नाही. खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध मोफत मिळते.

आता साक्षीविषयी. देवाने बरे केले असे वाटले तर आनंद करा. पण साक्ष देण्याआधी तपासणी करा. प्रभू येशूने कुष्ठरोग्याला शुद्ध केले आणि त्याला याजकाकडे जाऊन दाखवायला सांगितले. त्वचेचा रोग तपासून निर्णय देणे हे त्या काळी याजकाचे काम होते. ज्याने बरे केले, त्यानेच तपासणीला पाठवले. मग तुम्हाला रिपोर्टची भीती कशाला? रिपोर्ट चांगला आला तर औषध कमी करायचे की थांबवायचे, ते डॉक्टर सांगतील. तोवर गोळी चालू ठेवा.

उपवास करणाऱ्यांनीही जपा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलात तर शुगर एकदम उतरते. घाम फुटतो, हात कापतात, माणूस बेशुद्धही पडतो. उपवासकाळ सुरू होण्याआधी डॉक्टरांना विचारा. कॅथलिक मंडळीच्या नियमातही ५९ वर्षांपुढच्यांना उपवासाचे बंधन नाही आणि आजाऱ्यांना मोकळीक आहे. तुम्हाला जेवण सोडता येत नसेल तर दुसरे काही सोडा. मोबाइल सोडा. वाचलेला वेळ आजाऱ्याच्या भेटीला द्या.

तंबाखू आणि मिश्री सोडा. "दात घासायला लागते" म्हणणाऱ्या माउल्यांनो, मिश्री ही तंबाखूच आहे. तोंडातला फोड दोन आठवड्यांत बरा झाला नाही, पांढरा चट्टा दिसला किंवा तोंड पूर्ण उघडेनासे झाले, तर लगेच दाखवा. दारूचेही तेच. सोडताना हातपाय थरथरत असतील तर एकट्याने झुंजू नका. डॉक्टरांची मदत घ्या.

घरातल्या बाईच्या ताटाकडे पाहा. सगळ्यांचे झाल्यावर उरलेल्यात ती भागवते. याईराच्या मुलीला उठवल्यावर प्रभूने पहिली काळजी केली ती तिच्या खाण्याची. तुमच्या घरातही सगळे एकत्र जेवायला बसा. भाजी, डाळ, अंडे तिच्याही वाट्याला येऊ द्या. दम लागत असेल, चेहरा पांढुरका पडला असेल तर रक्त तपासून घ्या. छातीत गाठ लागली तर लाजेने लपवू नका.

विश्रांतीला आळस म्हणू नका. एलीया थकून, निराश होऊन झुडपाखाली पडला आणि मरण मागू लागला. देवदूताने त्याला आधी भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. मनाने खचलेल्याला उपदेश करण्याआधी त्याचे जेवण आणि झोप पाहा. उदासी हटत नसेल तर मनाच्या डॉक्टरांकडे न्या. त्यात लाज नाही आणि पापही नाही.

शेवटी मंडळीला विनंती. १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे या ख्रिस्ती डॉक्टर दांपत्याने जामखेडला काम सुरू केले. गावातल्याच बायकांना त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या. स्वच्छ पाणी, बाळाचा आहार, बाळंतिणीची काळजी त्यांनी घरोघर पोहोचवली. मग आपल्या मंडळीत शिकलेल्या नर्स बहिणी असताना आपण का थांबावे?

महिन्यातून एका रविवारी उपासनेनंतर रक्तदाब तपासा. पाळकांनी वेदीवरून त्याची सूचना द्यावी. तरुण संघाने एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची औषधे आणून द्यावीत. भगिनी मंडळाने संडे स्कूलच्या मुलांना बिस्किटांऐवजी केळी, शेंगदाणे, उकडलेली अंडी द्यावीत.

आणि तुम्ही आज संध्याकाळी घरातल्या सगळ्यांच्या गोळ्या एका डब्यात काढा. कोणाची संपत आली ते पाहा. संपण्याआधी आणा. मग कुटुंबाची प्रार्थना करा आणि वेळेवर झोपा.