महाधिवक्ता आणि मतपेटी

राज्य सरकारचा सर्वोच्च कायदा सल्लागार म्हणजे महाधिवक्ता. वर्तमानपत्रात हे पदनाम अधूनमधून दिसते, परंतु त्याचा आपल्या दुकानाशी काय संबंध, हा विचार व्यापारी कुटुंबांत सहसा होत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या बाजारपेठेत तर हा संबंध दुकानांच्या पाट्यांवर आणि बिलबुकांवर छापलेला आहे. शहराच्या व जिल्ह्याच्या नामांतराला आव्हान देणाऱ्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने ८ मे २०२४ रोजी फेटाळल्या. त्या सुनावणीत राज्याची बाजू तत्कालीन महाधिवक्ता डॉ. बीरेंद्र सराफ यांनी मांडली होती. मंत्रिमंडळ निर्णय घेते, पण तो न्यायालयात टिकवण्याची जबाबदारी याच पदावर येते.

एवढ्या मोलाच्या पदावर बसलेल्या व्यक्तीला राजकारणात भवितव्य असते काय? अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर निःसंशय ‘होय’ असे आहे. तेथील पन्नासपैकी ४३ राज्यांत राज्याचा महाधिवक्ता थेट जनतेच्या मतांनी निवडला जातो. साहजिकच ते पद पुढच्या सत्तेची पायरी बनते. बिल क्लिंटन १९७७ मध्ये आर्कान्सॉ राज्याचे महाधिवक्ता झाले, दोनच वर्षांत गव्हर्नर झाले आणि १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्षपदी पोहोचले. कमला हॅरिस यांनीही कॅलिफोर्नियाच्या याच पदावरून सिनेट आणि पुढे उपराष्ट्राध्यक्षपद गाठले.

भारतीय राज्यघटनेने मात्र निराळी वाट आखली आहे. अनुच्छेद १६५ प्रमाणे महाधिवक्त्याची नेमणूक राज्यपाल करतात. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्याची पात्रता त्याच्या अंगी असावी लागते आणि राज्यपालांची मर्जी असेपर्यंतच तो पदावर राहतो. व्यवहारात ही मर्जी म्हणजे मंत्रिमंडळाची मर्जी. अनुच्छेद १७७ त्याला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत बोलण्याचा अधिकार देतो, पण मतदानाचा देत नाही. सभागृहात त्याचा शब्द चालतो, मत चालत नाही. या पदाचे सारे स्वरूप एवढ्या एका तरतुदीत सामावलेले आहे.

महाराष्ट्रात या पदाची आणि राजकारणाची सर्वांत ठळक गाठ पडली ती आपल्या शेजारच्या जालन्यात. ज्येष्ठ विधिज्ञ श्रीहरी अणे ऑक्टोबर २०१५ मध्ये महाधिवक्ता झाले. स्वतंत्र विदर्भाचे ते जाहीर पुरस्कर्ते होते आणि ही गोष्ट कोणापासून लपलेली नव्हती. मार्च २०१६ मध्ये जालन्यातील एका कार्यक्रमात त्यांनी मराठवाड्यावर झालेल्या अन्यायाचा उल्लेख करून स्वतंत्र मराठवाड्याचीही भाषा केली. विधिमंडळाचे अधिवेशन सुरू होते. विरोधी पक्ष आणि सत्तेतील भागीदार शिवसेना, दोघांनीही हा विषय उचलून धरला. २२ मार्च रोजी अणे यांनी राज्यपालांकडे राजीनामा सुपूर्द केला. जेमतेम पाच महिन्यांत त्यांची कारकीर्द संपली.

त्यानंतर अणे मोकळे झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली विदर्भ राज्य आघाडी उभी राहिली. विद्वत्ता, वक्तृत्व, निर्भयता आणि घराण्याचा वारसा, सारे काही जवळ होते. तरीही मतपेटीने साथ दिली नाही. २०१७ मध्ये नागपूर महापालिकेच्या १५१ जागांपैकी भाजपला १०८, काँग्रेसला २९ आणि बहुजन समाज पक्षाला १० जागा मिळाल्या. उरलेल्या चार जागा शिवसेना, राष्ट्रवादी आणि अपक्ष यांच्यात वाटल्या गेल्या. विदर्भाच्या राजधानीचे शहर म्हणून ज्याच्याकडे पाहिले जाते, तेथेच स्वतंत्र राज्याच्या आघाडीला बळ मिळाले नाही.

येथे एक तुलना उद्बोधक ठरते. श्रीहरी अणे यांचे आजोबा लोकनायक माधव श्रीहरी अणे हेही विदर्भवादीच होते आणि १९६२ मध्ये नागपूरकरांनी त्यांना लोकसभेवर पाठवले होते. भूमिका एक आणि आडनावही एक असताना निकाल असा वेगळा का लागला? लोकनायकांच्या मागे १९३० चा जंगल सत्याग्रह होता, तुरुंगवास होता, गावोगावच्या लोकांशी दशकानुदशके जोडलेले नाते होते. महाधिवक्त्याचे सारे कर्तृत्व न्यायासनासमोर घडते. ते कितीही थोर असले तरी मतदार त्याचा साक्षीदार नसतो. व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर भांडवल आहे, पण गिऱ्हाईक जोडलेले नाही. पेढी नावाने उभी राहते, मात्र ती चालते ती रोजच्या उठबशीने.

इतर राज्यांचा अनुभवही याहून वेगळा नाही. मध्य प्रदेशचे माजी महाधिवक्ता विवेक तन्खा २०१४ मध्ये जबलपूरमधून लोकसभेला पराभूत झाले आणि २०१६ मध्ये राज्यसभेवर गेले. उत्तर प्रदेशचे माजी महाधिवक्ता सतीशचंद्र मिश्रा हेही राज्यसभेच्याच वाटेने राजकारणात स्थिरावले. त्यांच्याही आधी त्याच राज्याचे महाधिवक्ता राहिलेले शांतिभूषण १९७७ मध्ये केंद्रात कायदामंत्री झाले, तेही राज्यसभेतूनच. महाराष्ट्रात विशेष सरकारी वकील म्हणून घराघरांत पोहोचलेले उज्ज्वल निकम यांचे उदाहरण तर ताजे आहे. २०२४ मध्ये मुंबई उत्तर मध्य मतदारसंघात ते १६,५१४ मतांनी हरले आणि जुलै २०२५ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नियुक्ती केली. म्हणजे सरकारच्या वकिलासाठी संसदेचे दार बंद नाही, परंतु ते सहसा पक्षनेतृत्वाच्या हातून उघडते, मतदाराच्या हातून क्वचितच.

आणि धोक्याची जागा नेमकी हीच आहे. ज्याला उद्याची उमेदवारी हवी आहे, तो आज मंत्र्याला नकोसा सल्ला देईल काय?

बँकेचे व्यवहार जवळून पाहिलेल्या व्यापाऱ्याला हे सहज उमगेल. कर्ज मंजूर करण्यापूर्वी तारण मालमत्तेची कागदपत्रे बँकेच्या पॅनेलवरील वकिलाकडे जातात. मालकी निर्वेध आहे की नाही, यावर तो अभिप्राय देतो. व्यवस्थापकाला कर्ज द्यायचेच आहे, हे ओळखून वकिलाने दोषाकडे काणाडोळा केला, तर त्या दिवशी सारेच खूश होतात. कर्ज थकते, वसुलीची नोटीस निघते आणि तारणावर तिसराच वारस हक्क सांगू लागतो, तेव्हा त्या गोड अभिप्रायाची खरी किंमत कळते. ती किंमत वकिलाला मोजावी लागत नाही. ठेवीदारांच्या पैशातून मोजली जाते. राज्याच्या बाबतीत ठेवीदार म्हणजे करदाता. सदोष कायदा न्यायालयात कोसळला की त्यावर विसंबून केलेले करार, गुंतवणुकी आणि प्रवेश हेही अधांतरी लटकतात.

म्हणूनच या पदाचा मानदंड शोधायचा तर होरमसजी सीरवाई यांच्याकडे पाहावे लागते. १९५७ ते १९७४ अशी सतरा वर्षे ते महाधिवक्ता होते. या काळात मुख्यमंत्री बदलत गेले, सीरवाई राहिले. याच काळात त्यांनी भारतीय राज्यघटनेवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ सिद्ध केला. केशवानंद भारती खटल्यात त्यांनी केरळ सरकारच्या वतीने संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अमर्याद अधिकाराची बाजू लढवली होती. पुढे आणीबाणीच्या काळातील अनुभवानंतर राज्यघटनेच्या मूलभूत चौकटीचा सिद्धांत योग्य असल्याचे त्यांनी आपल्या ग्रंथात मान्य केले. मतांसाठी कोणाकडे जायचे नसल्यामुळे मत बदलण्याची मोकळीक त्यांच्यापाशी होती.

या कसोटीवर श्रीहरी अणे यांचे पाऊल कसे ठरते? राज्याचा वकील राज्याच्या विभाजनाची मागणी पदावर राहून करू शकत नाही. अशिलाविरुद्ध बोलायचे तर आधी वकीलपत्र सोडावे लागते. हा औचित्याचा आक्षेप रास्त होता. मात्र त्यांनी सोयीसाठी आपले मतही बदलले नाही. खुर्ची राखण्यासाठी सारवासारव करणे अवघड नव्हते. त्यांनी खुर्ची सोडली आणि भूमिका ठेवली. राजकीय हिशेबात हा तोट्याचा व्यवहार होता, पण सचोटीच्या वहीत तो जमेच्या बाजूलाच लिहावा लागेल.

खरे नुकसान झाले ते मराठवाड्याचे. कोण बोलले आणि त्याने राजीनामा द्यावा की नाही, यावर विधिमंडळ पेटले. जे बोलले गेले त्यात तथ्य किती, ही चर्चा मागे पडली. राजीनाम्याला तीन आठवडे होत नाहीत तोच, एप्रिल २०१६ मध्ये, तहानलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अनुशेषाचा हिशेब १९८४ मध्ये दांडेकर समितीने मांडला होता, २०१३ मध्ये केळकर समितीने प्रादेशिक असमतोलावर पुन्हा अहवाल दिला. अनुच्छेद ३७१ अन्वये स्थापन झालेल्या विकास मंडळांची मुदत मात्र ३० एप्रिल २०२० रोजी संपली. त्या दिवशी कोणाचाही राजीनामा मागितला गेला नाही.

महाधिवक्त्याला मतपेटीची वाट सहजासहजी सापडत नाही, यात खंत मानण्याचे कारण नाही. सरकारला कटू सत्य ऐकवणारा एक तरी माणूस निवडणुकीच्या चिंतेपासून दूर असावा, हेच राज्याच्या हिताचे आहे. प्रदेशाचे गाऱ्हाणे मांडणे हे सरकारी वकिलाचे काम नव्हतेच. ते मतदारांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींचे काम आहे आणि त्यांच्याकडे तर सभागृहात आवाजही आहे, मतही आहे. पुढच्या निवडणुकीत मत मागायला दारी येणाऱ्या उमेदवाराला मराठवाड्यातील व्यापाऱ्याने एवढाच प्रश्न विचारावा, की जालन्यात उच्चारलेल्या त्या अन्यायाचा हिशेब सभागृहात कोणी आणि कधी मागितला?