टक्के घसरले, अक्कल नव्हे!

“बारावीला सत्तेचाळीस टक्के, आणि म्हणे वकील होणार!” असे हिणवणारे शहाणे आम्हांस कोयनानगरात नेहमी भेटतात. त्यांस आमचा सवाल आहे: नियम वाचला आहे काय? पाच वर्षांच्या कायदा शिक्षणास बार कौन्सिल बारावीचे ४५ टक्के मागते. इतर मागासांस ४२, अनुसूचित जाती-जमातींस ४० पुरतात. हा नुसता उंबरठा! पुढे प्रवेशाची यादी लागते ती राज्याच्या सीईटीच्या गुणांवर, आणि ती परीक्षा मराठीतूनही देता येते.

गुरे सोडून, भातलावणी उरकून जो शाळा गाठतो, त्याचे टक्के घसरतात. अक्कल घसरत नाही. सीईटीत तो वर आला, तर प्रवेश ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. उंबरठ्याखाली राहिलेल्याने श्रेणीसुधार परीक्षा द्यावी.

बंधूंनो, १९६४ साली धरण पुरे झाले. २०१८ सालीही आपले धरणग्रस्त जमिनीसाठी याच कोयनानगरात ठाण मांडून बसले होते. आपले कागद दुसऱ्याने वाचून दाखवावेत, असे किती पिढ्या चालणार? पोराच्या, पोरीच्या गुणपत्रिकेला लाजू नका. अर्ज भरा!