देताना कठोर, घेताना उदार

हौसेने घरी आणलेले कुत्र्याचे पिल्लू वर्षभरात अंगाने वाढते आणि त्याच वेगाने घरातील हौस ओसरते. मग कोणाची बदली होते, कोणाचा घरमालक हरकत घेतो, कोठे आजारपण येते. आणि एखाद्या रात्री ते मुके जनावर केडगावच्या पुढे महामार्गालगत सोडून दिले जाते. भटक्या कुत्र्यांच्या उपद्रवाबद्दल महानगरपालिकेस दोष देणाऱ्या आपण सुशिक्षितांनी त्या उपद्रवातील आपल्या वाट्याचाही हिशेब मांडावयास हवा.

सबळ कारणावाचून जनावर वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा ठरविला. परंतु पहिल्या अपराधास दंड ठेवला तो जास्तीत जास्त पन्नास रुपयांचा. अशा दंडाचा धाक कोणास वाटणार? सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात भटकी कुत्री दत्तक घेण्यासाठी नगरसंस्थेकडे अर्ज करण्याची मुभा दिली, आणि घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा आवारांतील कुत्री निवाऱ्यात हलविण्याचा आदेश झाला. तेव्हा निवाऱ्याच्या दारातून जनावर आत कसे येते व बाहेर कसे जाते, हा प्रश्न आता केवळ भूतदयेचा राहिलेला नसून नगरव्यवस्थेचा झाला आहे.

हा प्रश्न नवाही नव्हे. १८३२ साली मुंबईत कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध दंगल उसळली. आणि १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई प्रभृतींच्या पुढाकाराने तेथील पांजरापोळ उभी राहिली. आश्रय देण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. उणीव आहे ती दत्तक देण्याच्या शिस्तीची.

आमचे मत थोडक्यात असे, की निवाऱ्याने देताना कठोर आणि घेताना उदार असावे. आज अनेकदा याच्या उलट घडते. जागा रिकामी व्हावी म्हणून मागेल त्याच्या हाती पिल्लू दिले जाते. आणि तोच मनुष्य अडचण घेऊन परत आला, की त्यास चार शब्द सुनावून दारातून परतविले जाते. परतविलेला मनुष्य जनावर घरी नेतोच असे नाही. त्यास रात्रीचा रस्ता मोकळा असतो.

देताना घरातील सर्वांची संमती आहे काय, घर भाड्याचे असल्यास मालकाची परवानगी आहे काय, दिवसभर घरी कोण असते आणि औषधपाण्याचा खर्च कोण करणार, हे विचारलेच पाहिजे. आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू आईपासून तोडू नये. रेबीजची लस व वयात आलेल्या जनावराची नसबंदी यांची नोंद कागदावर असावी, आणि महिन्याभराने कोणी तरी घरी जाऊन पाहावे. घेताना मात्र कारण शांतपणे ऐकावे, रोगाचा व चावण्याचा इतिहास लिहून घ्यावा, आणि नव्या जनावरास दोन आठवडे वेगळे ठेवावे. कारण पार्व्हो किंवा डिस्टेंपर झालेले एक पिल्लू सारा निवारा रोगग्रस्त करू शकते.

अशा उदारपणाने बेजबाबदारीस उत्तेजन मिळेल, अशी शंका कोणी घेईल. ती अगदीच निराधार नाही. त्यासाठी परत करणाऱ्याकडून खर्चाचा भाग घ्यावा, आणि विचार केल्यावाचून त्याच घरी दुसरे जनावर देऊ नये. जागा नसेल तर नकार देण्याऐवजी पुढील तारीख द्यावी व तोवर लस किंवा उपचार यांची मदत करावी. कित्येक घरांना तेवढ्यानेच जनावर ठेवणे शक्य होईल.

माणसाच्या दत्तकविधानास १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने माघार ठेवलेली नाही. मुक्या जनावराच्या बाबतीत ती ठेवावी लागते, ती मनुष्याच्या सोयीसाठी नव्हे, तर जनावराच्या जिवासाठी. महानगरपालिकेने हे नियम छापून निवाऱ्याच्या दारावर लावावेत. आणि नागरिकांनी पिल्लू उचलण्यापूर्वी, त्याच्या पुढील दहाबारा वर्षांचा विचार घरातील सर्वांसमक्ष करावा, एवढेच आमचे मागणे आहे.