संगणक आणि आपली लिपि

आमचे विद्यार्थी संगणकावर मराठी लिहितात तें बहुधा रोमन अक्षरांत; हें आम्हांस रुचत नाहीं. काल, काळ व कळ या तिहींचें रूप तेथें एकच होतें, आणि अर्थ वाचणारानें ताडावा! वस्तुतः १९८६ सालीं भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें ठरविलेला 'इन्स्क्रिप्ट' कळफलक बहुतेक संगणकांत आधींच असतो. सेटिंगमध्यें मराठी भाषा जोडून तो निवडावा, खर्च कांहीं नाहीं. त्याची रचना मोठी सयुक्तिक आहे. स्वर डाव्या हातास, बहुतेक व्यंजनें उजव्या. 'क'ची कळ शिफ्टसह दाबली कीं 'ख', 'त'ची दाबली कीं 'थ'. गुजराती वा कानडी लिहितांनाही 'क' त्याच कळेवर सांपडतो. पहिले कांहीं दिवस मुलांचा वेग मंदावेल. पालकांनीं त्याची चिंता करूं नये.