गाळ नव्हे, उघडी माती मोजा

मुंबई तुंबली की आरोपी ठरलेलाच असतो: नाल्याकाठची वस्ती. ‘हे लोक प्लास्टिक टाकतात.’ मी कुर्ल्याचा, दर पावसाळ्यात हे ऐकतो. प्लास्टिक टाकले जाते, खरे आहे. कचरागाडी गल्लीत येत नाही, हेही मग सांगा. पण 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस झाला, तेव्हा मिठी काय फक्त पिशव्यांनी अडली होती? तिच्या काठच्या दलदलीवर वांद्रे-कुर्ला संकुल उभे आहे, विमानतळाची धावपट्टी तिच्या पात्रावरून जाते. हे सगळे नकाशात रीतसर असल्याने त्याला अतिक्रमण म्हणायचे नसते!

दोस्तांनो, खरा प्रश्न पाणी मुरण्याचा आहे. मातीवर पडलेला पाऊस बराचसा जिरतो, थोडा रेंगाळतो. काँक्रीटवरून तो जवळजवळ सगळा धावत सुटतो. जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी 25 मिमी पावसासाठी बांधलेल्या. 1993 च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ती क्षमता 50 मिमी करायला सांगितले. इकडे अंगणे, मैदाने, झाडांचे बुंधेसुद्धा पेव्हर ब्लॉकखाली गेले. त्यात भरती असेल तर वाहिन्यांची तोंडे पाणी घेतच नाहीत.

आणि हे पाणी स्वच्छही नसते. पहिली सर रस्त्यावरचे तेल, टायरची भुकटी, घाण धुऊन मिठीत नेते, तिथून माहीमच्या खाडीत. वाटेत शुद्धीकरण नाही. दर उन्हाळ्यात गाळ उपसून ट्रक मोजल्याने यातले काय बदलते?

पाणी पडते तिथेच धरायला हवे. एक चौरस मीटरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 1 लिटर. 500 चौरस मीटरच्या छतावर 50 मिमी पडला तर 25,000 लिटर. हे छत शाळेचे असेल, मशिदीचेही. (आपले विश्वस्तही आवारात फरशी बसवण्यात मागे नाहीत.) पहिल्या सरीचे पाणी सोडून बाकीचे टाकीत घ्या, संडासाला, धुण्याला वापरा. मिठीकाठी भूजल वरच असते, तिथे शोषखड्डा लगेच भरतो. तिथे टाकीच हवी. उंचावरच्या मैदानांत मात्र माती उघडी ठेवा.

यंदा वॉर्ड ऑफिसात माहिती अधिकाराचा अर्ज टाका: गेल्या पाच वर्षांत आमच्या वॉर्डात किती चौरस मीटर जमीन काँक्रीटखाली गेली, आणि किती मोकळी केली?